पवनचक्कीला चौथे पाते का नाही?

मार्च २०२५ अखेर आर्थिक वर्ष संपले, तेव्हा भारताची स्थापित पवनऊर्जा क्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेलेली होती. तामिळनाडूतील मुप्पंदल, राजस्थानातील जैसलमेर, गुजरातमधील कच्छ आणि साताऱ्याजवळचे चाळकेवाडी-वनकुसवड्याचे पठार अशी एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेली ठिकाणे या एका आकड्यात सामावली आहेत. कुठे समुद्राचा वारा, कुठे वाळवंटाचा, कुठे खिंडीत कोंडून वेगवान झालेला. यंत्रे बनवणारे कारखाने निरनिराळे, मनोऱ्यांची उंची निराळी, वयही निराळे. पात्यांची संख्या मात्र जवळजवळ सर्वत्र तीन.

हे ज्याच्या लक्षात आले त्या विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न सुचतोच. तीन सडपातळ पात्यांच्या मधून एवढी मोकळी जागा दिसते. तिच्यातून वारा फुकटच निघून जात असणार. मग चौथे, पाचवे, सहावे पाते का लावत नाहीत? भारतात तर हा प्रश्न अधिकच रास्त वाटतो. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर जसा बारमाही जोरकस वारा वाहतो, तसा आपल्याकडे वाहत नाही. आपली बहुतेक पवनवीज जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत तयार होते. एरवी वारा मवाळ असतो. मवाळ वाऱ्याच्या देशाने जास्त पाती लावून अधिक वारा पकडावा, हे म्हणणे ऐकायला अगदी सरळ आहे. ते चुकीचे का, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण याच समजुतीवर ‘अधिक पात्यांची, अधिक विजेची’ चमत्कारी यंत्रे अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असतात आणि त्यांना भाबडे प्रेक्षकही मिळतात.

प्रथम त्या मोकळ्या जागेविषयी. चक्राचा व्यास १५० मीटर आहे आणि पात्याचे टोक सेकंदाला ८० मीटर या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २९० किलोमीटरने फिरत आहे, असे समजू. परिघ सुमारे ४७० मीटर भरतो. एका फेरीला साधारण सहा सेकंद लागतात. पाती तीन असल्यामुळे कोणत्याही ठिकाणावरून दर दोन सेकंदांनी एक पाते जाते. वारा सेकंदाला ८ मीटरने येत असेल तर तेवढ्या वेळात हवा फक्त १६ मीटर पुढे सरकते. दीडशे मीटरच्या वर्तुळापुढे १६ मीटर म्हणजे काहीच नव्हे. हवा म्हणजे फटीतून सुटणाऱ्या बंदुकीच्या गोळ्या नव्हेत. ती एकसंध प्रवाही वस्तू आहे. पुढे अडथळा आहे याची वार्ता दाबाच्या रूपाने मागे पोहोचते आणि चक्रापासून बरीच दूर असतानाच ती मंदावू लागते. दुरून पाहणाऱ्याला तीन पाती आणि मोकळे आकाश दिसते, तर हवेला एक झिरझिरीत चकती.

ही चकती किती झिरझिरीत असावी, याचे उत्तर जर्मनीतील ग्योटिंगेन येथे काम करणाऱ्या आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ च्या सुमारास दिले. वाऱ्यातील सगळी ऊर्जा काढून घ्यायची तर हवा चक्रामागे ठप्प थांबली पाहिजे. पण ती तिथेच थांबली तर मागून येणाऱ्या हवेला वाट कशी मिळणार? ती चक्राला वळसा घालून जाईल. उलट हवेला मुळीच न अडवले तर हाती काहीच लागणार नाही. या दोहोंच्या मध्ये एक सर्वोत्तम बिंदू आहे: चक्रातून गेलेल्या हवेचा वेग मूळ वेगाच्या एकतृतीयांश उरावा. त्या स्थितीत वाऱ्यातील १६/२७ भाग, म्हणजे ५९.३ टक्के ऊर्जा मिळते. त्याहून जास्त नाही. या गणिताची खरी गंमत अशी, की त्यात पात्यांची संख्या कुठेही येत नाही. बेट्झच्या समीकरणांत एक चकती आहे आणि हवा आहे, बस्स. उघड्या वाऱ्यात उभ्या असलेल्या अशा चक्राला सहा पाती लावली काय किंवा साठ, ५९.३ ची मर्यादा ओलांडता येत नाही.

पात्यांची संख्या येते ती या आदर्शापर्यंत पोहोचताना होणाऱ्या गळतीत. पात्याच्या एका बाजूला दाब जास्त, दुसरीकडे कमी. टोकापाशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निसटते आणि भोवरा तयार होतो. पाती थोडी असली की प्रत्येकावर येणारा भार मोठा आणि ही गळतीही मोठी. म्हणून एका पात्यावरून दोनवर गेले की लाभ चांगला दिसतो. दोनवरून तीनवर जाताना तो ढोबळमानाने तीन-चार टक्के उरतो. तीनवरून चारवर जाताना एक-दोन टक्के. आणि हे चौथे पाते काही फुकट मिळत नाही. पात्यांचा संच हा यंत्राच्या एकूण किमतीचा सुमारे पाचवा हिस्सा खातो. सत्तर मीटर लांबीचे पाते घाटातून, गावातल्या वळणांवरून नेताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना आणखी एक ट्रेलर, क्रेनची आणखी एक उचल आणि हबला आणखी एक जोड यांचा अर्थ निराळा सांगायला नको.

पण खर्च हे अर्धेच उत्तर झाले. पाती वाढवली तर ती बारीक करावी लागतात, हा मुद्दा सहसा सांगितला जात नाही. चकती किती झिरझिरीत असावी हे बेट्झने बांधून दिले आहे. त्यामुळे चक्राचा फिरण्याचा वेग तोच ठेवला तर सगळ्या पात्यांची मिळून रुंदी जवळपास ठरलेली असते. ती तिघांत वाटायची की सहांत, एवढाच आपला अधिकार. तीनऐवजी सहा पाती घेतली तर प्रत्येकाची रुंदी निम्मी, आणि आकार तोच ठेवायचा तर जाडीही निम्मी होईल. लांबी मात्र तेवढीच राहील. प्रत्येक पात्यावरचा वाऱ्याचा भार निम्मा होईल हे खरे. पण छेदाची वाकण्याला तोंड देण्याची शक्ती रुंदी-जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ती आठव्या हिश्शावर येईल. निम्मा भार आणि एकअष्टमांश ताकद: पात्याच्या मुळाशी येणारा ताण चौपट. वादळात असे चक्र उभे राहायचे तर पात्यांत भारी सामग्री कोंबावी लागेल. थोडी, रुंद, जाड पाती हीच मजबूत पाती.

मग जुन्या पवनचक्क्यांना डझनावारी पाती का होती? अमेरिकेच्या माळरानावरील, सूर्यफुलासारख्या दिसणाऱ्या पाणी उपसणाऱ्या चक्क्या अनेकांनी चित्रपटांत पाहिल्या असतील. भारतातही अशा पाणचक्क्यांवर काम झाले आहे; बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिक प्रयोगशाळेने त्या विकसित केल्या, ऑरोव्हिलमध्येही बहुपाती पवनपंप तयार झाले. त्यांच्या कर्त्यांना हिशेब कळत नव्हता असे मुळीच नाही. विहिरीतल्या दट्ट्याच्या पंपाला पहिल्या क्षणीच पाण्याचा सगळा स्तंभ उचलावा लागतो. तेथे सुरुवातीचा टॉर्क मोठा हवा. वेगाची घाई नसते. वर्तुळ पात्यांनी भरले की मंद झुळकेतही असा टॉर्क मिळतो आणि चाक डुलत डुलत फिरू लागते. वीज करणाऱ्या जनित्राची गरज नेमकी उलटी आहे. त्याला वेग हवा. तीच शक्ती कमी टॉर्क आणि अधिक वेग अशा रूपात मिळाली तर गिअरबॉक्स हलका होतो, शिवाय चक्रामागच्या हवेला निष्कारण गरगर फिरवण्यात जाणारी ऊर्जाही वाचते. डेन्मार्कच्या आस्कोव येथील शिक्षक पौल ला कूर यांनी १८९१ पासून पवनचक्कीवर वीज तयार करण्याचे प्रयोग केले, त्यांतून त्यांनाही हेच आढळले: विजेसाठी थोडी आणि जलद फिरणारी पाती बरी. (वर्गातल्या छताच्या पंख्यालाही तीन पाती असतात, पण त्यावरून पवनचक्कीविषयी निष्कर्ष काढू नये. तो वाऱ्याकडून घेत नाही, वाऱ्याला देतो. त्याचे गणित वेगळे.)

येथवर आलेल्या वाचकाने एक शंका काढली पाहिजे. थोडी पाती चांगली, रुंद पाती चांगली, स्वस्ताईही चांगली. मग दोनच का नाहीत? तीन-चार टक्के वीज सोडली तर एक अख्खे पाते वाचते. ही शंका इतकी बिनतोड आहे की विसाव्या शतकातील कितीतरी कसलेले अभियंते तिच्याच बाजूने उभे राहिले. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात १९४१ साली पामर पुटनम यांच्या पुढाकाराने सव्वा मेगावॅटची चक्की उभी राहिली. तिला दोन पाती होती. १९४५ मध्ये त्यांतले एक मुळापासून तुटून फेकले गेले, पण तो दोष मुळाच्या दुबळ्या बांधणीचा होता, संख्येचा म्हणता येत नाही. १९७५ पासून नासाच्या देखरेखीखाली तेथे उभारलेली प्रचंड प्रायोगिक यंत्रे एकजात दोन पात्यांची. जर्मनीने १९८३ मध्ये उभारलेली तीन मेगावॅटची ‘ग्रोव्हियान’ही दोन पात्यांचीच, ती काही शे तास चालली आणि मोडीत निघाली.

दोन पात्यांची अडचण कागदावर सहज पाहता येते, आणि दहावीचे त्रिकोणमितीचे ज्ञान तिला पुरते. चक्की वाऱ्याकडे तोंड करण्यासाठी मनोऱ्यावर डावी-उजवीकडे वळते. हे वळणे किती जड जाईल, ते पाती मनोऱ्याच्या उभ्या अक्षापासून किती दूर पसरली आहेत यावर अवलंबून असते. पाते आडव्या रेषेशी जो कोन करते त्याच्या कोसाइनचा वर्ग घेतला की त्या पात्याचा वाटा मिळतो. दोन पाती आडवी असताना दोघांची बेरीज १ अधिक १, म्हणजे २. पाव फेरीनंतर ती उभी होतात, तेव्हा बेरीज शून्य. म्हणजे प्रत्येक फेरीत दोनदा यंत्र वळायला अगदी हलके होते आणि दोनदा अगदी जड. वाऱ्याने दिशा बदलली की ते सलग वळत नाही. हिसके देत वळते.

आता तीन पाती घ्या. एक आडवे, म्हणजे शून्य अंशांवर. उरलेली १२० आणि २४० अंशांवर. वर्गांची बेरीज: १ अधिक पाव अधिक पाव, म्हणजे दीड. चक्र ३० अंश फिरवा: पाऊण, पाऊण आणि शून्य. पुन्हा दीड. कोणताही कोन घेऊन पाहा, दीडच येईल. तीन पात्यांचे चक्र वळताना एखाद्या भरीव चकतीसारखे वागते. पाती कोणत्या स्थितीत आहेत हे मनोऱ्याला कळतच नाही.

हेच समीकरण दुसऱ्या एका ठिकाणी उपयोगी पडते. जमिनीपासून जसजसे वर जावे तसा वारा वाढतो. १२० मीटरवर हब आणि १५० मीटरचा व्यास असेल तर पात्याचे टोक तळाशी ४५ मीटरवर आणि माथ्याशी १९५ मीटरवर असते. दोन्हीकडचा वारा सारखा कसा असेल? दोन पात्यांच्या चक्रात वरचे पाते सर्वाधिक वाऱ्यात असते, नेमके त्याच क्षणी खालचे पाते मनोऱ्यासमोरच्या मंदावलेल्या हवेतून जाते. सगळे चक्र मागे झुकवणारा जोर त्या क्षणी कळसाला पोहोचतो, पाव फेरीने ओसरतो, पुन्हा येतो. वारा उंचीप्रमाणे एकसारखा वाढत जातो असे मानले तर तीन पात्यांत हा जोरही कोनाच्या वर्गाच्या त्याच बेरजेमुळे स्थिर राहतो. मनोऱ्यासमोरून जाणाऱ्या पात्याचा छोटा धक्का उरतो, पण त्या वेळी उरलेली दोन्ही आडव्या रेषेच्या ३० अंश वर असतात, अगदी माथ्यावर नव्हे. वीस-पंचवीस वर्षे, कोट्यवधी फेऱ्या चालायच्या यंत्रात एकदाचा मोठा धक्का फारसा घातक नसतो; रोजचा लहानसा धक्काच बेअरिंग आणि वेल्डिंग खातो. दोन पात्यांची चक्रे हबमध्ये सीसॉसारखी डुलू देऊन हा त्रास कमी करता येतो, पण मग डुलणाऱ्या हबचा खर्च आणि देखभाल ही पाते वाचवल्याची किंमत होऊन बसते.

रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर तीन फेज असतात त्यामागेही हीच बेरीज आहे. १२० अंशांच्या अंतराने चालणाऱ्या तीन प्रवाहांची एकत्रित शक्ती क्षणोक्षणी चढउतार न करता स्थिर राहते, म्हणून कारखान्यातील मोटर धडधडत नाही. पवनचक्कीचे जनित्र आणि तिचे चक्र एकाच गणिताने शांत राहावे, हा योगायोग खरा, पण सुरेख आहे.

पाठ्यपुस्तकांत आणि व्हिडिओंत वारंवार भेटणारे एक स्पष्टीकरण येथे दुरुस्त करायला हवे. ‘विषम संख्येमुळे समतोल राहतो’ असे सांगितले जाते. चार पाती घेऊन बेरीज करून पाहावी: आडवी दोन मिळून २, उभी दोन मिळून ०, ४५ अंश फिरवले तर चार वेळा अर्धा. दोन्हीकडे २. म्हणजे वळण्याच्या बाबतीत चार पातीही तितकीच स्थिर, पाचही, सहाही. विषमतेचा संबंध येत नाही. ही बेरीज स्थिर ठेवणाऱ्या संख्यांत तीन ही सर्वांत लहान संख्या आहे, एवढेच तिचे मोठेपण. तीनच्या खाली गेले की हिसके सुरू होतात. तीनच्या वर गेले की बारीक पाती आणि खर्च.

डेन्मार्कच्या योहान्स यूल यांनी हे कोणत्या क्रमाने गाठले ते पाहण्यासारखे आहे. १९०४ मध्ये ते ला कूर यांच्या वर्गात ‘पवन-विजेचे’ शिक्षण घेणारे कोवळे विद्यार्थी होते. पुढे त्यांनी आयुष्य वीज कंपनीत काढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या देशात दोन आणि तीन अशा दोन्ही प्रकारच्या पात्यांच्या चक्क्या चालून झाल्या होत्या, त्यामुळे दोहोंचा अनुभव गाठीशी होता. १९५७ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, यूल यांनी गेद्सर येथे २४ मीटर व्यासाची, २०० किलोवॅटची, तीन पात्यांची चक्की उभी केली. ती आडदांड, जड आणि दिसायला सामान्य होती. पण दहा वर्षे फारशा दुरुस्तीविना चालली. १९७० च्या दशकात तेलसंकट आले तेव्हा नासाला मोजमापे हवी होती म्हणून ही बंद पडलेली चक्की पुन्हा सुरू करण्यात आली. स्वतः मात्र नासा त्या काळात दोन पात्यांची देखणी, हलकी, महाकाय यंत्रे उभारत होती. बाजार शेवटी जड चक्कीच्या वंशजांनी जिंकला.

भारतात तीन हा आकडा आला तो याच वंशाबरोबर. १९८६ मध्ये देशातील पहिले पवनऊर्जा प्रकल्प रत्नागिरी, गुजरातमधील ओखा आणि तामिळनाडूतील तूतीकोरीन येथे उभे राहिले, तेव्हा तेथे ५५ किलोवॅटची डॅनिश बनावटीची यंत्रे होती. त्यांच्या चक्राचा व्यास सुमारे १५ मीटर. आज देशात उभी राहणारी चक्रे १४० मीटरच्याही पुढे गेली आहेत. संख्या तीनच राहिली. वर्तुळाचे क्षेत्रफळ जवळपास नव्वदपट झाले.

आणि मवाळ वाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. सेकंदाला ८ मीटर वाऱ्यात १०० मीटर व्यासाच्या वर्तुळातून सुमारे २.४ मेगावॅट शक्ती वाहते. वारा ६ मीटरवर उतरला की एकच मेगावॅट. ही तूट चौथ्या पात्याने भरून निघणार नाही, कारण ते एक-दोन टक्क्यांपलीकडे काही देत नाही. व्यास १०० वरून १५४ मीटर केला तर मात्र पूर्ण भरून निघते. उंच मनोराही तेच काम करतो: चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार देशाची पवनक्षमता १२० मीटर उंचीवर ६९५ गिगावॅट आहे, तर १५० मीटर उंचीवर ११६४. मवाळ वाऱ्याच्या देशाला लांब पाती हवीत, जास्त नव्हेत.

तीन हा आकडा कायमचा आहे असे मात्र समजू नये. पात्यावरचा आवाज टोकाच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. दोन पात्यांचे चक्र थोडे जलद चालवावे लागते, आणि वेग २० टक्क्यांनी वाढला की आवाजाची तीव्रता अडीचपट होते. गावाशेजारी हे चालत नाही. खोल समुद्रात आवाजाची तक्रार करायला कोणी नाही, आणि तेथे क्रेनची प्रत्येक उचल महाग. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या सागरी प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले आहे. समुद्रावरची चक्रेही आज तीन पात्यांचीच आहेत, पण दोन पात्यांचा हिशेब तेथे पुन्हा मांडण्याला अर्थ आहे.

जमिनीवरचा प्रश्न अधिक निकडीचा आणि कमी आकर्षक आहे. तामिळनाडूतील सर्वोत्तम वाऱ्याच्या जागा सर्वांत आधी भरल्या, साहजिकच लहान यंत्रांनी. दोन मेगावॅटहून लहान यंत्रे बदलून २५ गिगावॅटच्या पुनर्उभारणीला वाव आहे, असा राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. २०२३ मध्ये त्यासाठी केंद्राचे धोरणही आले. पण मोठ्या चक्रांना एकमेकांपासून अधिक अंतर लागते. म्हणून चार-पाच जुन्या चक्क्यांच्या जागी एक नवी येते, आणि त्या चार-पाचांचे मालक निराळे असतात. जमीन कोणाची, वीजवाहिनी कोणाची, जुना विक्रीकरार चालू ठेवायचा की मोडायचा, हे सुटल्याशिवाय जुने यंत्र खाली उतरत नाही. तोवर जून लागला की आरलवायमोळीच्या खिंडीतून वारा येतो, आणि त्याचा सर्वांत जोरकस थर तीस-चाळीस मीटरच्या त्या जुन्या मनोऱ्यांच्या डोक्यावरून निघून जातो.